तोंडावरचा मार आणि दाताची एमएलसी: पहिल्या तासात काय बघायचं, काय लिहायचं

बांधावरच्या भांडणात मार खाल्लेला माणूस दवाखान्यात येतो तेव्हा पुष्कळदा त्याच्या मुठीत रुमाल असतो आणि रुमालात दात. सोबत पोलिसांचं पत्र घेतलेला हवालदार, मागे चार नातेवाईक. "बुक्की मारली अन् दात पाडला बगा सायेब," एवढं एकच वाक्य सगळे सांगत असतात. रात्रपाळीला वैद्यकीय अधिकारी एकटा असतो, दाताचा डॉक्टर सकाळी येणार असतो. मी मराठवाड्यातल्या सरकारी दवाखान्यांत दाताचा डॉक्टर म्हणून काम करत आलो. सकाळी माझ्या हातात येणाऱ्या एमएलसीच्या (पोलिस केसच्या वैद्यकीय नोंदीच्या) कागदावर बहुतेक वेळा एकच ओळ असते: "दात हलतो / पडला आहे." त्या ओळीवरून पुढे काहीच सांगता येत नाही. म्हणून हा लेख त्या रात्रीच्या डॉक्टरसाठी. जखमी माणसाच्या घरच्यांनी वाचला तर त्यांनाही उपयोग होईल, कारण पहिला तास बहुतेक वेळा त्यांच्याच हातात असतो.

कायद्यात एका दाताचं वजन किती

भारतीय न्याय संहितेच्या कलम ११६ मध्ये गंभीर दुखापतीचे आठ प्रकार दिले आहेत. त्यातला सातवा आहे हाड किंवा दात मोडणं किंवा निखळणं. मांडीचं हाड आणि समोरचा एक दात कायद्यानं एकाच ओळीत बसवले आहेत. घटना १ जुलै २०२४ पूर्वीची असेल तर भारतीय दंड संहितेचं कलम ३२० लागतं, दातापुरती भाषा तीच. फरक आठव्या प्रकारात आहे: तीव्र वेदना किंवा रोजचं काम बंद राहण्याची मुदत पूर्वी २० दिवस होती, आता १५ दिवस आहे.

गावात याचा अर्थ सरळ असतो. साधी दुखापत असेल तर कलम ११५(२), अदखलपात्र, म्हणजे एनसी. शिक्षा जास्तीत जास्त एक वर्ष. दात मोडला किंवा निखळला तर कलम ११७(२), दखलपात्र, म्हणजे एफआयआर. शिक्षा सात वर्षांपर्यंत. तुमच्या प्रमाणपत्रातल्या एका शब्दानं केस एनसीतून एफआयआरमध्ये जाते. त्यामुळेच दोन्हीकडून फोन येतात, गावचे पुढारी येतात. तुम्ही तोंडात दिसलं ते लिहायचं. कलम पोलिसांनी लावायचं आणि निवाडा न्यायालयानं करायचा. छापील नमुन्यात "साधी / गंभीर" हा रकाना असतोच, पण तो त्याच रात्री भरण्याची घाई करू नका. "एक्स-रे व दंतचिकित्सकाच्या अभिप्रायानंतर मत देण्यात येईल" असं लिहिणं पूर्ण योग्य आहे. हलणाऱ्या दातावर एक्स-रे न काढता "गंभीर" असा शेरा मारणं मात्र चूक आहे, आणि तसा शेरा मी फार वेळा पाहिला आहे.

आधी जीव, मग दात

बेशुद्ध पडला होता का, उलटी झाली का, नाकातून किंवा कानातून पाण्यासारखं काही गळतंय का, मान दुखते का, हे आधी. तोंडात रक्त साठून श्वास अडत असेल तर बाकी सगळं थांबवा.

मग दात मोजा. मोठ्या माणसाचे ३२, लहान मुलाचे दुधाचे २०. समोरचा दात जागेवर नाही आणि रुमालातही नाही, तर तो गेला कुठे याचं उत्तर मिळेपर्यंत माणसाला घरी सोडू नका. तो ओठात रुतलेला असू शकतो, हिरडीत आत घुसून दिसेनासा झालेला असू शकतो, गिळला गेला असेल किंवा श्वासनलिकेत उतरला असेल. ओठ सुजलेला असेल तर ओठाचा आणि कारण नसताना खोकला येत असेल तर छातीचा एक्स-रे काढा. श्वासनलिकेत गेलेला दात बहुधा उजव्या बाजूला सापडतो.

रुमालातला दात

कायमचा दात मुळासकट बाहेर आला असेल तर तो परत बसवता येतो, आणि इथे मिनिटं मोजावी लागतात. मुळावरच्या पेशी कोरड्या हवेत तासाभरात मरतात. पहिल्या पंधरा मिनिटांत बसवलेला दात टिकण्याची शक्यता सगळ्यात चांगली. दात दिसतो त्या भागाला धरा, मुळाला बोट लावू नका. माती लागली असेल तर गार पाण्याखाली आठ-दहा सेकंद धरा, घासू नका. माणूस शुद्धीवर असेल तर त्याच जागी दाबून बसवा आणि स्वच्छ कापडावर चावून धरायला सांगा. तेवढं धाडस होत नसेल तर दात दुधात ठेवा. आपल्याकडे कोणत्याही वस्तीवर, कोणत्याही वेळी कपभर दूध मिळतं. साध्या पाण्यात ठेवू नका, रुमालात तर नाहीच. धनुर्वाताचं इंजेक्शन विसरू नका. दुधाचा दात पडला असेल तर तो बसवायचा नाही, खालच्या कायमच्या दाताच्या अंकुराला इजा होते.

इथे पोलिस आणि डॉक्टर यांच्यात नेहमी ओढाताण होते. पोलिसांना तो दात मुद्देमाल म्हणून हवा असतो. माझं मत पक्कं आहे: बसवता येणारा दात आधी त्या माणसाचा अवयव आहे, पुरावा नंतर. पण बसवण्याआधी फोटो काढा. रिकाम्या खळग्याचा एक, मिलिमीटरची पट्टी शेजारी ठेवून दाताचे पुढून-मागून दोन, आणि दात बसवल्यावर एक. नोकरीच्या सुरुवातीला मी एका तरुणाचा दात अर्ध्या तासात बसवला, तो टिकलाही. फोटो मात्र काढला नव्हता. काही वर्षांनी साक्षीला उभा राहिलो तेव्हा आरोपीच्या वकिलांनी विचारलं, "दात पडला म्हणता, पण दात तर तोंडात आहे." माझ्याकडे फक्त माझ्याच हातची एक अपुरी ओळ होती. त्या तरुणाचं नुकसान माझ्यामुळे झालं, हे मी विसरलेलो नाही.

बसवण्यासारखा नसेल तर दात हवेत वाळवून कागदी पाकिटात ठेवा, नाव, एमएलसी क्रमांक, तारीख आणि वेळ लिहा, सील करा आणि पोलिसांची पोच घ्या. ओला दात प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला तर कुजतो. फॉर्मॅलिनमध्ये टाकला तर पुढे डीएनए तपासणीला अडचण येते.

हकीकत लिहिताना

आल्याची वेळ, कोणी आणलं, संमती, ओळखीच्या दोन खुणा हे नेहमीचंच. हकीकत माणसाच्या शब्दांत, "रुग्णाच्या सांगण्यानुसार" असं म्हणून लिहा. कशानं मारलं, किती वेळा, समोरून की बाजूनं, मारल्यावर तोंडावर पडला का. आणि एक प्रश्न जो हमखास राहतो: हा दात आधी हलत होता का, दुखत होता का, कधी उपचार झाले होते का? उत्तर जे येईल ते तसंच लिहा.

ऊसतोडीला गेलेल्या माणसांची गोष्ट वेगळी असते. बीड, जालन्याचं कुटुंब कारखान्याच्या फडावर असताना भांडण होतं आणि माणूस दहा-बारा दिवसांनी गावी आल्यावर दवाखान्यात येतो. त्याला हाकलून देऊ नका. सांगितलेली तारीख आणि तोंडातली जखम किती भरत आली आहे ते, दोन्ही वेगवेगळं लिहा. दखलपात्र गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असला तरी जवळच्या ठाण्यात फिर्याद देता येते, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये ते स्पष्ट लिहिलं आहे. हे त्या माणसाला कोणीच सांगितलेलं नसतं.

बाहेरून आत

ओठापासून सुरुवात करा. बाहेर खरचटणं, सूज, काळंनिळं. मग ओठ उलटा करून आतली बाजू. बुक्की किंवा काठी ओठावर बसली की ओठ दातावर चेंगरतो आणि आतून फाटतो. दात गेलेला आहे पण ओठ, हिरडी, गाल यांना ओरखडाही नाही, असं असेल तर थांबून विचार करा आणि "मऊ भागावर कोणतीही इजा नाही" हे स्पष्ट लिहा. नसलेली खूणही नोंदवायची असते. डागाच्या रंगावरून दिवस सांगताना जपून: हिरवट छटा साधारण पाच-सहा दिवसांनी, पिवळी त्यानंतर, दोनेक आठवड्यांत डाग जातो; पण माणसागणिक फरक पडतो.

जबडा बघा. दात पूर्वीसारखे एकमेकांवर बसतात का, हे रुग्णालाच विचारा, त्याला ते पटकन कळतं. जिभेखाली रक्त साकळलं असेल किंवा खालचा ओठ बधिर असेल तर खालचा जबडा मोडल्याचा संशय धरा. हनुवटीवर जखम असेल तर कानापुढचे सांधे चाचपा, कारण हनुवटीवर पडलेल्या माणसाचा जबडा तिथे मोडतो. तोंड उघडत नाही म्हणून जबडा मोडला असं मात्र घाईनं लिहू नका. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, तरी गुटख्यानं आखडलेली तोंडं माझ्यासमोर रोज येतात. गालाच्या आतून बोट फिरवलं की ताठर पट्टे लागतात. ते आधीचे आहेत, माराचे नाहीत.

आता एकेक दात. दाताला क्रमांक द्या आणि शब्दांतही लिहा: "वरचा उजवा मधला पटाशीचा दात, ११". वरचा उजवा भाग १, वरचा डावा २, खालचा डावा ३, खालचा उजवा ४, आणि मधल्या रेषेपासून दात मोजायचे. मारात सगळ्यात जास्त सापडतात ते ११ आणि २१. एलिसचा (तुटलेल्या दातांच्या वर्गवारीतला) वर्ग अमुक एवढंच लिहून थांबू नका. कोर्टात वर्ग कोणाला कळत नाही आणि डॉक्टरा-डॉक्टरांत त्यावर मतभेद असतात. टवका फक्त वरच्या पांढऱ्या एनॅमलचा आहे, आतलं पिवळसर डेंटिन दिसतंय की नस उघडी पडून लाल ठिपका दिसतोय, तुटलेल्या भागाची रुंदी-उंची मिलिमीटरमध्ये किती, हे लिहा. कायद्यानं "मोडणं" म्हणताना खोली सांगितलेली नाही, म्हणून खोली तुम्ही सांगायची.

तुटला नाही पण हलला असेल, तर कसा? जागेवर आहे पण दाबल्यावर दुखतो. जागेवर आहे, हलतो आणि हिरडीच्या कडेनं रक्त येतं. खाली लोंबल्यासारखा बाहेर आलाय. टाळूकडे किंवा ओठाकडे कलंडलाय. आत घुसलाय. हे पाच वेगवेगळे प्रकार आहेत आणि प्रत्येकाचा उपचार वेगळा आहे. आरशाच्या दांड्यानं हलकं ठोकलं की आत घुसलेला किंवा कलंडून अडकलेला दात धातूसारखा वाजतो. हलणं आडवं किती मिलिमीटर, आणि वरखालीही हलतो का, तेही टिपा. एक दात धरून हलवल्यावर शेजारचे दोन-तीन सोबत हलले तर दाताखालचं हाड मोडलं आहे. हे हातानं तपासल्याशिवाय सुटून जातं.

एक्स-रे दाताचा छोटा हवा, आणि दोन कोनांतून हवा. मूळ आडवं मोडलं असेल तर एका कोनात ती रेषा दिसतच नाही. पूर्ण जबड्याचा ओपीजी जबड्यासाठी उत्तम, पण समोरच्या दातांवर त्यात मणक्याची सावली पडते. ग्रामीण रुग्णालयात दाताचा एक्स-रे नसेल तर जिल्हा रुग्णालयात किंवा छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयात पाठवा, आणि पाठवल्याची नोंद ठेवा.

मार की आजार, ताजं की जुनं

सगळ्यात जास्त वाद इथे होतात, आणि सगळ्यात कमी इथेच लिहिलं जातं.

पायोरिया असलेल्या पन्नाशीतल्या माणसाचे दात मार न खाताही हलतात. त्याच्या तोंडात एकच दात हलत नाही, पाच-सहा हलतात. हिरड्या खाली सरकलेल्या, दातावर कीट, आणि एक्स-रेत सगळीकडेच हाड झिजलेलं. मारानं हललेल्या निरोगी दाताभोवती हाडाची उंची चांगली असते, मुळाभोवतीची काळी रेघ एका बाजूला रुंद झालेली असते, आणि इजा एक-दोन दातांपुरती असते. म्हणून फक्त तक्रारीचा दात तपासू नका, सगळं तोंड तपासा.

रुमालातला दात उजेडात धरा. निरोगी, ताज्या पडलेल्या दाताच्या मुळावर ओलसर गुलाबी तंतू चिकटलेले दिसतात. पायोरियाच्या दातावर काळपट कीट मुळाच्या टोकाकडे उतरलेलं असतं. दाताच्या मानेजवळ, म्हणजे हिरडीलगतच्या भागावर, चिमट्याच्या खुणा असतील तर तो दात काढलेला असू शकतो. कलम वाढावं म्हणून दुखरा दात भांडणानंतर काढून आणल्याच्या केसेस होतात. बहुतेक वेळा ती दाढ असते आणि ओठ-गाल शाबूत असतात. आणि हा दात त्याच खळग्यातला आहे ना, एवढं तरी ताडून बघा.

खळगाही वेळ सांगतो. पहिल्या दिवशी ताजी गुठळी आणि फाटलेल्या हिरडीच्या कडा. रक्त साधारण चोवीस तासांत थांबतं. आठवड्याभरात गुठळीच्या जागी लालसर नवी ऊती येते, दोन ते चार आठवड्यांत वर कातडी धरते. आत हाड भरायला सहा महिने ते वर्ष लागतं, तोवर एक्स-रेत खळग्याचा आकार ओळखू येतो. "काल पडला" म्हणणाऱ्याचा खळगा गुळगुळीत भरलेला असेल तर तसं लिहा.

टवक्याचंही तसंच. ताज्या टवक्याची कड धारदार असते, कापसाचं बोळं फिरवलं तर धागे अडकतात, वारा लागला तरी माणूस कळवळतो. जुन्याची कड बोथट आणि रंगलेली असते. नांदेड जिल्ह्यातल्या किनवटसारख्या भागात पाण्यातल्या फ्लोराइडमुळे दात तपकिरी, खड्डे पडलेले असतात आणि त्यांचे टवके चावतानाही उडतात. मिसरी लावणाऱ्या बायांच्या दातांच्या मानेशी खाचा पडलेल्या असतात. या खुणा ज्यांना ठाऊक नाहीत ते त्यांना मार समजतात. ज्यांना ठाऊक आहेत ते कधी कधी खरा मारही त्यांच्यावर ढकलतात. दुसरी चूक मला जास्त लागते, कारण तिथे गरिबाच्या खराब दातांचा वापर त्याच्याच विरुद्ध होतो. दोन्ही गोष्टी असतील तर दोन्ही लिहा. उदाहरणार्थ:

"२१ जागेवर नाही. खळग्यात ताजी गुठळी, ओठाकडची हिरडी ८ मिमी फाटलेली. वरच्या ओठाच्या आत १० × ३ मिमी ताजी फाटलेली जखम. ११ आडवा १ मिमी हलतो, हिरडीच्या कडेनं रक्त. एक्स-रे: २१ चा खळगा रिकामा, कडा स्पष्ट, समोरच्या सर्व दातांभोवती हाडाची झीज अंदाजे एक तृतीयांश. इजा ताजी, कठीण व बोथट वस्तूनं शक्य. दातांना पूर्वीचा हिरडीचा आजार आहे."

एवढ्यावर न्यायालयाला काम करता येतं. आजारी दात मारानं पडला तर त्याला किती महत्त्व द्यायचं, ते न्यायालय ठरवेल.

इजा कशानं झाली असेल

समोरून बुक्की बसली तर ओठ फाटून एक-दोन दात टाळूकडे कलंडतात. काठीनं सलग तीन-चार दात आणि खालचं हाड जातं. मोटारसायकलवरून पडलेल्याच्या नाकावर, हनुवटीवर, तळहातावरही खरचटलेलं असतं, ओठात खडी सापडते; हनुवटी आपटली असेल तर दाढांचे टवके उडालेले असतात. गावातल्या मुलांमध्ये हापशाच्या दांड्यानं वरचे समोरचे दात मोडणं तर नेहमीचं आहे: दांडा खालून वर उसळतो आणि वाकून पाणी पिणाऱ्या पोराच्या तोंडावर बसतो. त्याच्या आईला मारहाणीचे प्रश्न विचारून घाबरवू नका.

पण तान्ह्या बाळाच्या वरच्या ओठाची आतली दोरी फाटलेली असेल, बाळ अजून चालतही नसेल आणि हकीकत दर वेळी बदलत असेल, तर पूर्ण अंग उघडं करून तपासा, पोलिसांना कळवा, १०९८ या बालकांच्या हेल्पलाइनला फोन करा.

संशयिताला आणलं तर त्याच्या मुठीची बोटं बघा. बुक्की मारणाऱ्याच्या मधल्या बोटाच्या सांध्यावर दाताची छोटी जखम असते. ती पुरावाही आहे आणि धोक्याचीही आहे. तोंडातले जंतू सांध्यात गेले तर हात जातो.

चावल्याची जखम असेल तर धुण्याआधी तिथला स्वाब घ्या, लाळेतून डीएनए मिळू शकतो. नुसत्या व्रणाच्या आकारावरून अमुकच माणूस चावला असं ठामपणे सांगू नका, त्या पद्धतीच्या शास्त्रीय आधारावरच गंभीर शंका आहेत. माणसाचे दात हे घातक हत्यार धरता येत नाहीत, असं २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानंही म्हटलं आहे.

अंतिम मत आणि साक्ष

मार लागलेल्या दाताची नस पहिल्या दिवशी गार किंवा विजेच्या चाचणीला उत्तर देत नाही, म्हणून ती मेली असं होत नाही. तीन महिन्यांपर्यंत ती परत जागी होऊ शकते. उलट आज ठीक वाटणारा दात सहा महिन्यांनी काळा पडतो. म्हणून दोन आठवडे, महिना, दोन महिने, तीन महिने, सहा महिने आणि वर्ष अशा तपासण्यांची नोंद ठेवा, आणि स्थिती बदलली तर पुरवणी अभिप्राय द्या. मोबाइलवरचे फोटो कोर्टात द्यायचे तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, त्यामुळे मूळ फाइल पुसू नका.

साक्षीला जाताना मूळ रजिस्टर घेऊन जा. "ही इजा दगडावर पडूनही होऊ शकते का?" हा प्रश्न येणारच. होऊ शकत असेल तर "हो" म्हणा, आणि तळहात, गुडघे, हनुवटी यांवर इजा नव्हती हे तुम्ही त्या रात्री लिहिलेलं असेल तर तेही वाचून दाखवा.

आणि दाताचा उपचार एमएलसीसोबत संपत नाही. परत बसवलेला दात जागेवर धरून ठेवणारी तार दोन आठवड्यांनी काढायची असते, मूळ पूर्ण वाढलेलं असेल तर रूट कॅनालही त्याच सुमारास सुरू करावं लागतं, नाहीतर मूळ विरघळायला लागतं. दिवाळीनंतर फडावर जाणारा माणूस त्या तारखेला येणार नाही, हे गृहीत धरा. कोणत्या कारखान्यावर जाणार ते विचारा, तिथल्या दवाखान्याच्या नावानं चिठ्ठी लिहा, आणि तार काढायची तारीख त्याच्या केसपेपरवर मोठ्या अक्षरात, मुकादमाच्या फोन नंबरशेजारी लिहा.